कापशाच्या पाठीवरचा निळा हात

"खोटं असंल तर नीळ नासंल माझी!"

एवढं बोलून रंगारीमामा उजवा पंजा माझ्या टेबलावर आपटायचा आणि माझ्या कोऱ्या टिपकागदावर निळा ठसा उमटायचा. चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी. करंगळीचं वरचं पेर लहानपणी उसाच्या चरकात गेलं होतं. मी चिडून म्हणायचो, "मामा, ही कचेरी आहे, तुमची सूत वाळवायची जागा नाही." त्यावर तो खुशीत येऊन म्हणायचा, "अस्सल हाय भाऊसाहेब. धुतली तरी जायची न्हाय."

भवानी पेठेत त्याचा निळीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची खोली, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले चार रांजण आणि अंगणात बांबूंवर टांगलेल्या सुताच्या लडी. बाकीचे रंगारी केव्हाच जर्मन रंगाच्या पुड्यांवर गेले होते. हा मात्र चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून जुन्या रीतीनं नीळ पिकवायचा, बोट बुडवून जिभेवर लावायचा आणि मग सांगायचा, पिकली की नाही ते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक अक्कलकोटला दिलेली. सगळी पेठ त्याला रंगारीमामा म्हणायची आणि त्याच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायची नाही.

त्याला कारण होतं. निळीचे रंगारी मानत, की रांजणातली नीळ नासली, तर गावात एक दणदणीत थाप सोडून द्यायची. थाप जितक्या लोकांना खरी वाटेल, तितकी नीळ लवकर सुधारते. मी इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, कचेरीत परवाने लिहिणारा माणूस. असल्या गोष्टी मी मानत नव्हतो. पण मामाची निष्ठा पक्की होती. एकदा त्यानं सांगितलं, तळ्यात मगर निघाली. अर्धी भवानी पेठ तळ्यावर. मीही गेलो होतो, आता कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, मडमेचं डोकं दुखतं म्हणून गिरणीचा भोंगा उद्यापासून तासभर उशिरा वाजणार. दुसऱ्या दिवशी कितीतरी जण उशिरा पोचले आणि मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मामा शिव्या ऐकत शांतपणे रांजण ढवळत होता. "व्हय, व्हय," म्हणाला, "पर नीळ बगा की कशी तरारलीय!"

आणि प्रत्येक थापेबरोबर ती शपथ असायचीच. लबाडी बघा. नीळ आधीच नासलेली, ती आणखी काय नासणार होती?

तर एके दिवशी सकाळी मी मान खाली घालून नोंदवही लिहीत होतो, आणि दारातून आवाज आला, "भाऊसाहेब! साहेबाचं विलायती कुत्रं आनलंय! आता माझं हाय त्ये!"

मी मान वर न करता विचारलं, "नीळ नासली वाटतं?"

उत्तराऐवजी कुणीतरी शिंकलं. शिंक मामाची नव्हती. बारीक, नाकातल्या नाकात, एखाद्या म्हाताऱ्या वकिलानं तपकीर ओढून दिल्यासारखी. मी वर पाहिलं. मामाच्या डोक्यावर पत्र्याचा भला मोठा आंघोळीचा टब होता आणि टबाच्या काठावरून एक पांढरं केसाळ तोंड माझ्याकडे बघत होतं.

सगळी कचेरी उठून उभी राहिली. मामानं टब खाली ठेवला आणि आम्ही त्यात डोकावलो. कुत्रं मांजरापेक्षा थोडंसंच मोठं. अंगावर पिंजलेल्या कापसासारखे केस. एक डोळा दुधाळ झालेला, पुढचे दात नाहीत, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुम्ही सगळे उभे का, बसा की.

मामाला धाप लागली होती, पण बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "गिरनीचा गोरा साहेब चालला न्हवं का विलायतेला. बंगल्यात लिलाव हुता. मी गेलो टब घ्यायला, सूत भिजवायला बरा. खुर्च्या गेल्या, आरसं गेलं, काचंची भांडी गेली. आन ह्ये बसलंय कोपऱ्यात. कुनी बोलीच बोलंना! खानसाम्याला इचारलं, तर म्हनला, म्हातारं झालंय, बोटीवर न्हेत न्हाईत, साहेब गेला की गोळी घालायची हाय."

"साहेबानंच सांगितलं?"

"साहेब रडत हुता की वो. सोताच्या हातानं हुईना म्हून खानसाम्याला सांगितलं. मी म्हनलं, बारा वर्सं राखन केली, आन आता गोळी? माझं बी केस पिकल्यात. उद्या मला कुनी गोळी घातली म्हंजी?"

मी व्यवहारी माणूस. मी म्हणालो, "मामा, हे किती दिवस जगणार? वर्ष, दोन वर्षं. जीव लावाल आणि रडत बसाल."

"जगंल तेवढं," तो म्हणाला. "आपन काय अमरपट्टा घिऊन आलोय व्हय?"

परवाना मीच लिहायचा होता. त्या काळी गावात कुत्रं पाळायचं तर कचेरीचा पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात लागायचा. नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडाला पिंजऱ्याची गाडी फिरायची, बिनबिल्ल्याची कुत्री धरून गावाबाहेरच्या आवारात न्यायची, आणि तिथून कुठलंही कुत्रं परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी रकाने भरू लागलो. नाव? मामानं टबाकडे पाहून तत्काळ सांगितलं, "कापशा." रंग? पांढरा. वय? "लिवा, मालकाच्या बरोबरीचं." मी बारा लिहिलं. खाली मामाचा अंगठा घेतला. नेहमीप्रमाणे निळा. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढला, फोडला आणि साऱ्या कचेरीला वाटला. आम्ही सगळ्यांनी एका कुत्र्याच्या बारशाचा गूळ खाल्ला आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, इतका तो माणूस खूश होता.

त्यानंतरचे दिवस म्हणजे काय विचारता! मामा रोज कचेरीवरून जाताना खिडकीतून ओरडून वर्दी द्यायचा. आज कापशानं भाकरी खाल्ली. आज कापशा उंबरा चढला. आपल्याकडची कडक भाकरी त्या बिचाऱ्याला चावणार कशी? मामा ती दुधात कुस्करून, बोटांनी मऊ करून द्यायचा, आणि स्वतः तीच भाकरी कोरडी खायचा. कापशाला इंग्रजीशिवाय कळत नाही अशी त्याची समजूत होती, म्हणून माझ्याकडून तीन शब्द शिकून गेला. पुढं आठवडाभर भवानी पेठेच्या गल्लीत "कम! कम की रं बाबा!" असा गजर चालला होता. कापशाला कानानंही कमी येत होतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

पण नाक! नाकाची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे.

एका सकाळी मामा धावत आला. त्याला धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात ओले, कोपरातून निळं पाणी गळतंय. "भाऊसाहेब, चला! आत्ताच्या आत्ता चला!" मी गेलो. कापशा रांजणांच्या कडेकडेनं फिरत होता. पहिल्या रांजणाशी हुंगलं, पुढं गेला. दुसऱ्याशी हुंगलं, पुढं गेला. तिसऱ्याशी थांबला आणि लागोपाठ तीनदा शिंकला.

"पघितलं?" मामा कुजबुजला, जणू मोठ्यानं बोललं तर चमत्कार पळून जाईल. "पहाटंपास्नं असंच करतंय. मी बोट लावून पघितलं, मला काय बी कळलं न्हाय. परत पघितलं. हाय की! जरा आंबूस लागतंय! माझ्या जिभेला कळायच्या आदी याला कळलं!"

त्यानं लगेच त्या रांजणात चुना आणि गूळ घातला, आणि दुपारपर्यंत नीळ ताळ्यावर आली. मामा रांजणाशेजारी मांडी घालून बसला आणि ओल्या हातानं कापशाची पाठ थोपटत राहिला. "शाबास रं माझ्या वाघा, शाबास." हात उचलला तेव्हा पांढऱ्या पाठीवर पंजा उमटला होता, चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी.

मी म्हणालो, "मामा, मी परवान्यात पांढरा लिहिलंय."

"पांढरंच हाय की," तो म्हणाला. "मदी जरा हात हाय माझा."

तेव्हापासून हा रिवाजच पडला. कापशा शिंकायचा, मामा नीळ सावरायचा, शाबासकी द्यायचा, आणि पाठीवरचा ठसा त्याच जागी पुन्हा गडद व्हायचा. वर्षभरात एकदाही नीळ नासली नाही, म्हणजे वर्षभरात मामानं एकही थाप मारली नाही. भवानी पेठेला करमेनासं झालं. लोक वाटेत अडवून विचारायचे, "मामा, काय नवीन?" मामा म्हणायचा, "काय न्हाय. कापशा बरा हाय." आणि लोक हिरमुसून पुढं जायचे. खरं सांगतो, मीही त्यांतलाच.

आता त्याची चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. पितळ निळीजवळ आलं की नीळ रुसते, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. म्हणून कापशाला आत घेताना तो त्याच्या गळ्यातला बिल्ला काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर निघताना पुन्हा बांधायचा. उन्हाळ्यात एके दुपारी कापशा शिंकला. घरात चुना नव्हता. मामा तसाच उठून दुकानात पळाला, दार उघडं राहिलं, आणि एकाच डोळ्यानं बघणारा, कानानं कमी ऐकणारा कापशा त्याच्या मागं रस्त्यावर आला. बिल्ला खिळ्यालाच. आणि त्याच दुपारी पिंजऱ्याची गाडी भवानी पेठेतून गेली.

मामा कचेरीत शिरला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. तो म्हणाला, "कापशाला गाडीवाल्यांनी धरून न्हेलं. बिल्ला न्हवता. मी आवारात गेलो तर मुकादम म्हनतो, कशावरनं तुजं? मी म्हनलं, माझा हात हाय त्याच्या पाठीवर. तर हसतोय."

कचेरीही हसली. तुम्हीही हसला असता. कुत्र्याच्या पाठीवर माणसाचा निळा हात! कुणीतरी टाळी देऊन म्हणालं, "वर्षानं नासली बुवा नीळ एकदाची!" दुसरा म्हणाला, "पण थाप झकास आहे हं." आणि हसणारे सगळे त्याच्या हातचा गूळ खाल्लेले होते.

मीही हसणार होतो. मी त्या शपथेची आणि टेबलावर आपटणाऱ्या पंजाची वाट बघत होतो. शपथ आली नाही. मामानं पंजा आपटला नाही. तो उताणा करून माझ्यापुढं धरला होता. "भाऊसाहेब," एवढंच म्हणाला, "चला की."

या माणसानं आयुष्यभर खोट्याची शपथ घेतली होती, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ शपथच उरली नव्हती!

मी नोंदवही काखोटीला मारली आणि निघालो. वरिष्ठांची परवानगी घेतली नाही, टोपीसुद्धा टेबलावरच राहिली. आम्ही टांगा केला. आवार गावाबाहेर होतं, गाडी रिकामी होत होती, आणि कुत्र्यांचा असा काही कल्लोळ चालला होता की बोललेलं ऐकू येईना. मुकादम चांगला धिप्पाड माणूस. मी नोंदवही उघडून त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचलं आणि बोट ठेवलं. "रंग पांढरा लिवलाय. हितं असं पांढरं कुत्रं न्हाय. एक हाय, पर त्ये कबरं हाय, निळ्या डागाचं."

"तेच!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात, मोठमोठ्या गावठी कुत्र्यांच्या पायांत, कापशा बसला होता. घाबरलेला नव्हता. शिष्टपणे बसला होता आणि शिंकत होता.

मुकादम म्हणाला, "निळा डाग काय, कुटं बी लागतो. बिल्ला न्हाय, रंग जुळत न्हाय. मला वर जाब द्यायचा असतो."

तेव्हा मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. मी नोंदवहीवरचा मामाचा अंगठा त्याला दाखवला. "अडाणी माणसाचा अंगठा सरकारदरबारी चालतो ना? मग पंजा का नाही चालणार? अख्खा हात आहे. पडताळून बघा!"

पिंजरा उघडला. मामा गुडघ्यांवर बसला. त्यानं आपला उजवा हात सावकाश कापशाच्या पाठीवर ठेवला. अंगठ्यावर अंगठा, बोटावर बोट. मुकादम वाकून बघत होता. करंगळीपाशी आल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. अर्ध्या करंगळीखाली अर्धाच ठसा होता. पाव इंचही इकडंतिकडं नाही!

"आयला!" मुकादम म्हणाला आणि आपल्या माणसांना हाका मारू लागला. "ए, हिकडं या रं! पघा ही मजा!" सगळे जमले. प्रत्येकाला पडताळणी पुन्हा पाहायची होती. मामानं पाच वेळा हात उचलून पाच वेळा ठेवला, आणि दर वेळी लोकांनी "व्वा!" केलं. कापशा शेपूट हलवू लागला. मामा एकाच वेळी हसत होता आणि रडत होता, आणि मी, परवाने लिहिणारा कारकून, बोडक्या डोक्यानं मुकादमाला मिठी मारून मोकळा झालो.

परत येताना मी परवान्यात रंगाच्या रकान्यात दुरुस्ती केली. पांढरा, मध्ये मालकाचा हात.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं कापशा सुखात होता. मी म्हटलं होतं वर्ष, दोन वर्षं. तीन झाली तरी त्याची शिंक शाबूत होती. एका श्रावणात मामा कापशाला घेऊन माझ्या घरी आला. "अक्कलकोटला लेकीकडं जाऊन येतो. नातवाचं बारसं हाय. चार दिस सांबाळा." नुकताच रांजणावरून उठून आला असावा. त्यानं कापशाची पाठ थोपटली आणि गडद निळा ओला पंजा उमटला. "ह्यो हात वाळायच्या आत आलोच बगा."

सहाव्या दिवशी एक अनोळखी फेरीवाला कचेरीत आला. अक्कलकोटचा होता. म्हणाला, "रंगारीमामा वारलं. तापानं. तीन दिसांत कारभार आटपला."

मी हसलो. देवाशपथ सांगतो, मी खो खो हसलो. "अरे वा! आता परगावाहून माणसं पाठवतात वाटतं? नीळ फारच नासलेली दिसतेय मामांची!" सगळी कचेरी हसत होती.

तो माणूस हसला नाही. त्यानं कमरेच्या कनवटीतून कारखान्याची किल्ली काढली आणि माझ्या टिपकागदावर ठेवली. तिला निळा दोरा बांधलेला होता. "लेकीनं सांगितलंय, कुत्र्याला तुमीच बगा."

संध्याकाळी मी कापशाला घेऊन भवानी पेठेत गेलो. कुलूप उघडलं. सहा दिवस कुणी रांजणांना हात लावला नव्हता. कापशा आपल्या जुन्या वाटेनं फिरला. पहिल्या रांजणाशी शिंकला. दुसऱ्याशी शिंकला. तिसऱ्याशी, चौथ्याशी. मग वळून उभा राहिला, शाबासकीची वाट बघत.

मी खाली बसलो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठसा वाळून पक्का झाला होता. माझा हात त्यात मावत होता, फक्त करंगळी बाहेर येत होती. मला रडू आवरेना. म्हाताऱ्या कुत्र्याला जीव लावू नका म्हणून मीच त्याला शहाणपण शिकवलं होतं.

दारात शेजारची बाई येऊन उभी राहिली. "आलं का मामा? कवा येनार?"

मी जन्मात कधी थाप मारली नव्हती. डोळे पुसले आणि चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "नातू सोडत नाही म्हणे त्यांना. पुढच्या आठवड्यात येताहेत. येताना नातवालाही घेऊन येणार आहेत."

"अगं बाई, व्हय?" ती म्हणाली आणि सांगत सुटली. दिवे लागेपर्यंत ते अख्ख्या पेठेला खरं वाटत होतं.

मी कापशाला मांडीवर घेऊन रांजणापाशी बसून राहिलो, नीळ सुधारते का बघत.